पुण्यात चारचाकीसाठी प्रामाणिक मेकॅनिक कसा ओळखावा?

सह्यकडा, पुणे

नमस्कार. आमची गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक असून आतापर्यंत ७२,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यापर्यंत तिची सर्व्हिसिंग मी कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करून घेत होतो. गतिरोधक ओलांडताना पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक असा आवाज येऊ लागला, म्हणून गाडी तेथे नेली. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि ४१,५०० रुपयांचा अंदाज सांगण्यात आला. त्यात पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही लोअर आर्म, संपूर्ण क्लच सेट, इंजिन फ्लशिंग आणि एसीची कूलिंग कॉइल साफ करणे एवढी कामे होती. क्लचबद्दल मी काही तक्रारच केली नव्हती. तसे विचारल्यावर "सत्तर हजारांनंतर बदलावाच लागतो" एवढेच उत्तर मिळाले. मी गाडी तशीच परत आणली.

त्यानंतर घराजवळच्या दोन गॅरेजांत दाखवली. एकाने बॉनेटवर दोन वेळा हात दाबून शॉकअप गेल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल असे सांगितले. एकच गाडी, एकच आवाज आणि तीन निदाने. यांतले कोण खरे बोलत आहे हे ठरवण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नाही, आणि ही असहायता मला पैशांपेक्षाही जास्त टोचते आहे. दर महिन्याला मी आईला घेऊन वाईला जातो, तिचे वय ७४ आहे आणि वाटेत खंबाटकी घाट आहे. त्यामुळे आवाज होतोय तर होऊ दे, असे म्हणून सोडून देणे मला शक्य नाही.

मला कोणाचे नाव-पत्ता नको आहे, कारण माणसे जागा बदलतात आणि गॅरेजे बंद पडतात. ज्याला गाडीतले काही कळत नाही अशा माणसाने मेकॅनिकचा प्रामाणिकपणा कशावरून ओळखावा, हे आपल्या अनुभवातून सांगावे, ही विनंती.

चक्रधर, नाशिक

मी एकच उपाय सांगतो. आपल्या भागातले टुरिस्ट गाड्यांचे चालक कोणाकडे जातात ते विचारा. ज्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचा धंदा बुडतो, ती माणसे लबाड मेकॅनिककडे दुसऱ्यांदा पाऊल ठेवत नाहीत. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका टॅक्सीचालकाने मला ज्या मिस्त्रीकडे पाठवले, त्यांच्याकडे मी गेली नऊ वर्षे जातो आहे.

अनुस्वार, पुणे

चक्रधर यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. टुरिस्ट गाडीच्या चालकाला गाडी आज संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी असते आणि त्याचा मेकॅनिक त्याच हिशेबाने काम करतो. माझ्या गाडीच्या इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा सेन्सर खराब झाला होता. अशाच एका शिफारशीवरून गेलेल्या गॅरेजवाल्याने तो सेन्सर बाजूला काढून पंखा थेट किल्लीवर जोडून दिला. गाडी चालू की पंखा चालू, काम झाले, पैसेही अगदी कमी घेतले. त्याच्या मनात फसवणूक मुळीच नव्हती, कारण त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेच हवे असते. चार महिन्यांनी सततच्या भाराने पंख्याची मोटर जळाली आणि चांदणी चौकाच्या चढावर इंजिन तापले. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवून त्याखालचे गॅस्केट बदलेपर्यंत खर्च २३,००० रुपयांवर गेला. तेव्हा चालकांना जरूर विचारा, पण गाडी आपली आहे, आपल्याला ती अजून सात-आठ वर्षे वापरायची आहे, हे मेकॅनिकला आधी स्पष्ट सांगा.

मृद्गंध, कोल्हापूर

सह्यकडा, तुमची असहायता मला पुरेपूर समजते, कारण बाई एकटी गाडी घेऊन गेली की अंदाजपत्रकाचा आकडा वाढतो आणि समजावून सांगण्याचे शब्द मात्र कमी होतात, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

माझ्या अनुभवाने शिकलेली पहिली गोष्ट अशी की मेकॅनिकला लक्षण सांगावे, उपाय सांगू नये. "शॉकअप बघा" असे आपण म्हटले की तो शॉकअपच बघतो, आणि बहुधा बदलतोच. त्याऐवजी आवाज कोणत्या बाजूने येतो, गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो, वळताना येतो की सरळ रस्त्यावर, हे सगळे मी कागदावर लिहून नेते. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना गॅरेज भरते त्या कामाच्या नोंदपत्रावर, माझे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, असा माझा आग्रह असतो. एका ठिकाणी लिहून घेणाऱ्या मुलाने माझ्या पाच ओळींऐवजी "सस्पेन्शन चेक" एवढेच लिहिले, तेव्हा मी गाडी न देता परत आले.

सध्याचे आमचे मिस्त्री उद्यमनगरात आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी काय केले ते सांगते. माझी तक्रार गुणगुणल्यासारख्या आवाजाची होती. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, मला शेजारी उभे केले, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक चाकाच्या हबजवळ टेकवले आणि त्याची मूठ माझ्या कानाला लावली. मुलाला चाक फिरवायला सांगितले. उजव्या चाकाला शांत सळसळ ऐकू आली, आणि डाव्या चाकाला वाळू दळल्यासारखा खरखरीत आवाज. "वहिनी, आता तुम्हीच सांगा कुठलं बेअरिंग गेलंय," असे ते म्हणाले. मी सांगितले, त्यांनी तेवढेच बदलले आणि जुने बेअरिंग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले. ज्याला लपवायचे नसते तो माणूस आपल्याला गाडीखाली वाकून बघू देतो, असे माझे त्या दिवसापासून ठाम मत झाले आहे.

केवडा, ठाणे

मृद्गंधताई, "वाळू दळल्यासारखा" हे वर्णन अगदी अचूक आहे. आमच्या गाडीचा आवाज असाच होता आणि आम्ही सहा महिने टायरांना दोष देत बसलो होतो.

रिंगपाना, कराड

माझे स्वतःचे गॅरेज आहे, बावीस वर्षे हाच व्यवसाय करतो आहे. धागा काल रात्री वाचला आणि उत्तर लिहायचे ठरवले, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू गिऱ्हाइकापर्यंत क्वचितच पोहोचते.

सह्यकडा, तुम्हाला मिळालेल्या तीन निदानांपैकी एकासाठी तरी तुम्ही पैसे दिलेत का? दोष देण्यासाठी विचारत नाही. बहुतेक गिऱ्हाईक देत नाही आणि बहुतेक मेकॅनिक मागतही नाही. आमच्या धंद्याची सगळी कमाई सुटा भाग बसवण्याची मजुरी आणि त्या भागावर दुकानदाराकडून मिळणारी सूट यांवर चालते. मी एखाद्या गाडीवर तीन तास घालवून वायरिंगमधली गंजलेली एक पिन शोधली, ती घासून साफ केली आणि गाडी सुरू झाली, तर गिऱ्हाईक विचारते, "फक्त पिनच घासली ना? मग दोनशे कसले?" त्याऐवजी मी काही न शोधता सात हजारांचा सेन्सर बदलला असता, तर त्याने बिल मुकाट्याने दिले असते आणि मला त्यात हजारभर रुपये सुटले असते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की नवा मुलगा काय शिकतो, ते तुम्हीच ठरवा. माझ्याकडे काम शिकून बाहेर पडलेल्या दोघांनी स्वतःची गॅरेजे काढली. त्यांतला जो शोधण्यात जास्त हुशार होता, त्याचे गॅरेज दीड वर्षात बंद पडले. मला त्याचे आजही वाईट वाटते.

म्हणून पाच वर्षांपूर्वी मी फलक लावला. तपासणीचे ३०० रुपये, वायरिंगचा किंवा स्कॅनरचा दोष असेल तर ५००, काम माझ्याकडे करा किंवा करू नका. सुरुवातीला निम्मी माणसे फलक वाचून परत गेली. पण जी थांबली त्यांना "काही बदलण्याची गरज नाही" हे वाक्य मी निर्धास्तपणे सांगू शकतो, कारण ते सांगितल्याने माझ्या घरातली चूल विझत नाही. तुम्हाला माझा सल्ला असा आहे की पुढच्या गॅरेजात गेल्यावर गाडी दाखवण्याआधीच म्हणा, "तपासणीचे वेगळे पैसे देतो, काम कुठे करायचे ते नंतर ठरवू." हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहा.

आता तुमच्या आवाजाविषयी. लहान गतिरोधकावर, कमी वेगात, एकाच बाजूने टकटक येत असेल तर सर्वांत आधी स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांमध्ये आडव्या असलेल्या सळईची, लिंक रॉड पाहावी. ती पातळ दांडी असते, तिच्या दोन्ही टोकांना लहान बॉल जॉइंट असतात आणि आपल्या रस्त्यांवर ते लवकर ढिले होतात. खात्री करण्याची रीत फुकट आहे. दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड काढायच्या, मधली सळई कशाला लागणार नाही अशी बांधायची आणि त्याच गतिरोधकावरून अगदी सावकाश गाडी न्यायची. आवाज गेला तर दोष तेथेच आहे. न गेल्यास पुढे लोअर आर्मचे बुश (जोडातले रबर), मग शॉकअपचे वरचे माउंटिंग, मग रॅक, असे एकेक तपासत जायचे. हा क्रम सोडून जो थेट रॅकवर पोहोचतो, त्याला एक तर येत नाही किंवा त्याला विकायचे आहे.

क्लचचे तर किलोमीटरवर काहीच ठरत नसते. घाटात चालणारी गाडी आणि सतत अर्धा क्लच दाबून शहरात चालणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे गेली नाही, तर क्लचची प्लेट घसरते आहे. तसे होत नसेल आणि गिअर सहज पडत असतील, तर क्लचला हात लावू नका.

मध्यमा, पुणे

रिंगपाना, आपला प्रतिसाद जपून ठेवला आहे. एक शंका आहे. सुट्या भागांत मेकॅनिकला सूट मिळते म्हणता, तर मग आपणच नाना पेठेत जाऊन भाग विकत आणावेत आणि मेकॅनिकला फक्त मजुरी द्यावी, हे योग्य नाही का?

रिंगपाना, कराड

मध्यमा, तसे करता येते, पण मग भाग चुकीचा किंवा नकली निघाला तर जबाबदारी कोणाची हा वाद उरतो, आणि खोलून ठेवलेली गाडी माझ्या पिटवर अडकून राहते. माझे मत असे की भाग मेकॅनिकलाच आणू द्या, मात्र त्याला तीन गोष्टी मागा: दुकानाचे पक्के बिल, भागाचे रिकामे खोके आणि जुना भाग. खोक्यावर पार्ट नंबर आणि छापील किंमत असते. बिलावरचा आकडा छापील किमतीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पार्ट नंबर इंटरनेटवर टाकला की तो तुमच्या गाडीचा आहे की नाही तेही कळते. छापील किमतीच्या आत मला दुकानदार जी सूट देतो ती माझी मिळकत आहे आणि ती लपवण्याचे मला कारण वाटत नाही.

अनुस्वार, पुणे

रिंगपाना यांचे म्हणणे पटते, पण तपासणीचे पैसे देऊनही खोटे निदान मिळणार नाही याची हमी काय? अधिकृत केंद्रात आपण प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासणीचे पैसे मजुरीत भरतच असतो. तरी सह्यकडा यांना ४१,५०० चा आकडा ऐकावा लागला.

रिंगपाना, कराड

हमी नाही, हे मान्य आहे. मोठ्या केंद्रात गाडीखाली जाणारा माणूस एक असतो आणि तुमच्याशी बोलणारा दुसरा असतो. बोलणाऱ्याला महिन्याचे लक्ष्य दिलेले असते. ज्याने हात काळे केले त्याच्याशी थेट बोलायला मिळाले तर मागा. माझ्या माहितीत अशा केंद्रांत अतिशय जाणकार मुले आहेत, पण गिऱ्हाइकाची आणि त्यांची गाठच पडत नाही.

गिरगावकर, मुंबई

मी ७१ वर्षांचा आहे आणि माझी पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी होती. त्या काळी मिस्त्रीने बॉनेट उघडले की दोष समोर दिसत असे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळाले आहेत की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, हे पाहून पाहून मालकालाही कळू लागे. आता गाडीत संगणक आला आणि मिस्त्री स्कॅनरवरचा आकडा दाखवून सांगतो की हा भाग गेला. मुलाच्या गाडीचा इंजिनचा दिवा लागला होता. स्कॅनरवर पी ०४२० असा कोड आला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, बदलण्याचा खर्च ३८,००० रुपये सांगण्यात आला. यंत्रानेच सांगितल्यावर वाद कसा घालायचा, हे मला कळले नाही. आम्ही तो बदलला आणि तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. शेवटी एक्झॉस्टच्या जोडापाशी गळती सापडली.

रिंगपाना, कराड

काका, ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे. कोड म्हणजे भागाचे नाव नसते, संगणकाने नोंदवलेली तक्रार असते. पी ०४२० याचा अर्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली दिसते आहे, एवढाच होतो. ती तशी दिसण्याचे कारण कन्व्हर्टर असू शकतो, ऑक्सिजन सेन्सर असू शकतो किंवा तुमच्याकडे निघाली तशी गळतीही असू शकते. कोडनंतरचे तपासायचे काम माणसाचेच आहे.

सोपे उदाहरण देतो. गाडी मिसिंग मारते आणि कोड येतो पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये नीट ज्वलन होत नाही. ज्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल असते, त्यांत मी पहिली कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरवर बसवतो आणि दुसरीची पहिलीवर. कोड पुसून गाडी चालवतो. आता पी ०३०२ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला आणि कॉइल खराब आहे. पुन्हा पी ०३०१ च आला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहायचे. दहा मिनिटांचे काम आहे, एक रुपयाचा भाग लागत नाही. मेकॅनिकला एवढेच विचारा, "कोड आल्यावर तुम्ही आणखी काय तपासले?" ज्याने तपासले आहे तो उत्साहाने सांगायला लागतो.

विधिज्ञ, छत्रपती संभाजीनगर

कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "बिल घेतले तर जीएसटी लागेल" असे सांगून कागद न देणाऱ्याशी व्यवहार करताना आपण आपला एकमेव पुरावा सोडून देत असतो, हे लक्षात ठेवावे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. माझ्या अनुभवात काही प्रकरणे तेथेच मिटतात.

दुसरी बाब स्वतंत्र गॅरेजांच्या बाजूची आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. या कंपन्या मूळ सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. बाहेरच्या मेकॅनिककडे कौशल्य असूनही काही वेळा त्याला निदान करता येत नाही, त्यामागे हेही कारण आहे.

माझा व्यावहारिक सल्ला असा की "अंदाज ओलांडला तर फोनवर नव्हे, मेसेजवर परवानगी घ्यावी" हे वाक्य जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहावे. पुढे वाद झाल्यास या एका ओळीचे मोल मोठे असते.

सागरपार, फ्रीमाँट

येथे कॅलिफोर्नियात वाहनदुरुस्तीवर देखरेख करणारे राज्य सरकारचे स्वतंत्र खाते आहे आणि विधिज्ञ यांनी सुचवलेली गोष्ट येथे कायद्यानेच बंधनकारक आहे. काम सुरू करण्यापूर्वी अंदाज देणे, त्यापेक्षा जास्त खर्च होणार असेल तर ग्राहकाची पुन्हा संमती घेणे आणि ग्राहकाने काम देतानाच मागितले असतील तर काढलेले जुने भाग परत करणे, ही तिन्ही कर्तव्ये गॅरेजवर आहेत. निदानाचे पैसेही येथे वेगळे लागतात. माझ्या नेहमीच्या गॅरेजात ते १५० डॉलरच्या आसपास असतात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. तरीही अनावश्यक कामे सुचवणारे येथेही भेटतात, पण किमान "नाही" म्हणण्यासाठी कागद तरी हातात असतो. साताऱ्याला वडिलांच्या गाडीसाठी मी फोनवरून जेव्हा जुन्या भागांचे फोटो मागतो, तेव्हा तेथील मेकॅनिकला तो अविश्वास वाटतो आणि वडिलांना संकोच होतो. मागण्याची सवय आपल्याकडे रुजायला हवी, असे मनापासून वाटते.

मांडवीकाठ, पणजी

प्रामाणिकपणाइतकीच आपली मर्यादा ओळखणेही महत्त्वाचे आहे. आमचे मेकॅनिक सरळ माणूस आहेत, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांना येत नाही. माझ्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये झटके द्यायला सुरुवात केल्यावर त्यांनी पाच मिनिटे चालवून पाहिली आणि "हे माझं काम नव्हे, मी हात लावला तर बिघडेल," असे सांगून मडगावच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. त्या दिवशी त्यांनी एक पैसा घेतला नाही. रिंगपाना यांचे वाचल्यावर मला जाणवले की तो मी द्यायलाच हवा होता. चतुर्थीच्या आधी गाडी तेलपाण्यासाठी नेईन तेव्हा देईन.

चक्रधर, नाशिक

अनुस्वार, तुमच्या पंख्याचा किस्सा वाचून मी माझ्या मिस्त्रींना मुद्दाम विचारले. ते म्हणाले की टुरिस्ट गाडीला ते असे जोडून देतात, पण घरगुती गाडीला कधीच नाही. तेव्हा आपण कोणत्या प्रकारचे गिऱ्हाईक आहोत हे आधी सांगावे, हा तुमचा मुद्दा मी मान्य करतो.

सह्यकडा, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सुमारे तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काय झाले ते पूर्ण होऊ द्यावे असे वाटले.

मृद्गंधताईंच्या सांगण्याप्रमाणे लक्षणे कागदावर लिहिली. लिहायला बसल्यावर प्रथमच जाणवले की आवाज मोठ्या खड्ड्यात येतच नाही, फक्त लहान उंचवट्यांवर आणि वीसच्या आतल्या वेगात येतो. चक्रधर यांच्या सूचनेनुसार आमच्या सोसायटीत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या काकांना विचारले आणि त्यांनी धायरीच्या एका लहान गॅरेजात पाठवले. तेथे आधीच सांगितले की तपासणीचे वेगळे पैसे देतो. मेकॅनिक क्षणभर थांबले, हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मग उद्या सकाळी या, दुपारी घाई असते, नीट बघता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीखाली नेले आणि डावी लिंक रॉड हाताने हलवून दाखवली. खालचा जॉइंट बोटांनी हलत होता आणि तोच टकटक आवाज होत होता. रिंगपाना यांची चाचणी मी सुचवली, तेव्हा त्यांना ती आधीच माहीत होती आणि त्यांनी ती आनंदाने केली. लिंक रॉड काढून गल्लीतल्या दोन्ही गतिरोधकांवरून गाडी नेली तर आवाज पूर्ण थांबला होता. दोन्ही बाजूंच्या नव्या लिंक रॉड १,५८० रुपये, मजुरी ४५०, तपासणी ३००. शॉकअप कोरडे आहेत, तेलाची गळती नाही, लोअर आर्मच्या बुशना बारीक तडे आहेत पण वर्षभर चिंता नाही, असे त्यांनी सांगितले. क्लचची चाचणी मी स्वतः चढावर करून पाहिली. क्लच उत्तम आहे.

परंतु मला येथे जे मुख्यतः सांगायचे आहे ते वेगळेच आहे. चाक काढलेलेच होते म्हणून त्यांनी ब्रेकही पाहिले. पॅड चांगले होते, पण पॅड ज्या चकतीला आवळतात त्या डिस्कच्या कडेला बोटाला लागेल असा उंचवटा तयार झाला होता. त्या उंचवट्यामुळे जाडी मोजण्याचा व्हर्नियर मधल्या झिजलेल्या भागावर नीट बसेना, तेव्हा त्यांनी खिशातून दोन नाणी काढली, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक धरली, नाण्यांसकट माप घेतले आणि मग नाण्यांची जाडी वजा केली. उत्तर आले १५.४ मिलिमीटर. डिस्कवर कोरलेली किमान जाडी होती १६. हे माप त्यांनी मला पुन्हा माझ्या हाताने घ्यायला लावले. ज्या केंद्राने ४१,५०० रुपयांची कामे सुचवली होती, त्यांच्या यादीत ब्रेकचा उल्लेखही नव्हता, आणि मी त्याच डिस्कवर आईला घेऊन खंबाटकी उतरत होतो. अनावश्यक खर्च वाचल्याचा आनंद त्या क्षणी माझ्या मनात आलाच नाही.

मृद्गंध, कोल्हापूर

वाचून अंगावर काटा आला. आईंना घेऊन जाण्याआधी हे सापडले, हे फार बरे झाले. दोन्ही डिस्क बदलल्या का?

सह्यकडा, पुणे

होय, पुढच्या दोन्ही डिस्क आणि दोन्ही बाजूंचे पॅड, भाग आणि मजुरी मिळून ७,२०० रुपये. जुने पॅड अजून चांगले होते, तरी नव्या डिस्कवर नवेच घालावेत असे ते म्हणाले. हे बरोबर आहे का, रिंगपाना? येत्या रविवारी वाईला जायचे आहे.

रिंगपाना, कराड

बरोबर आहे. जुने पॅड जुन्या डिस्कच्या झिजेप्रमाणे घासलेले असतात, ते नव्या डिस्कवर पूर्ण टेकत नाहीत. मात्र रविवारी थेट घाटात जाऊ नका. नवे पॅड नव्या डिस्कवर नीट बसावेत म्हणून त्याआधी दोनशे किलोमीटर तरी सपाट रस्त्यावर चालवा, मोकळ्या जागी साठच्या वेगावरून वीसपर्यंत सावकाश ब्रेक लावत आठ-दहा वेळा गाडी आणा, आणि मध्ये डिस्क थंड होऊ द्या. तेवढे किलोमीटर या आठवड्यात होत नसतील तर वाईची फेरी एक रविवार पुढे ढकला. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते त्या धायरीच्या मेकॅनिकना विचारा. दोन वर्षे झाली असतील तर जाण्याआधीच बदलून घ्या, कारण ते ओलावा शोषते आणि घाटात तापल्यावर पेडल मऊ पडते.

सह्यकडा, पुणे

सर्व्हिस बुक काढून पाहिले, ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद २०२१ ची आहे. उद्या सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. आईला एक आठवडा थांबायला सांगितले आहे.